पैकीच्या पैकी

दहावीचा निकाल लागला की वृत्तपत्रांतून दोन प्रकारचे लेखन ठरल्याप्रमाणे छापले जाते. पहिले अभिनंदनाचे, दुसरे ‘गुणांची खैरात’ झाल्याच्या तक्रारीचे. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन्ही लेखनांचे गृहीतक मात्र एकच असते. टक्केवारी म्हणजे मुलांना काय आले याची मोजणी, हे दोन्ही पक्षांना मान्य असते. वाद असतो तो माप सैल होते की घट्ट एवढाच. आमचे म्हणणे असे, की ही मोजणी मुळात मोजणीच राहिलेली नाही. गुण हे शिक्षणाचे साध्य ठरले, तेव्हाच मोजमाप म्हणून असलेली त्यांची किंमत संपली. या घसरणीत सर्वाधिक नुकसान झाले ते भाषा आणि साहित्य या विषयांचे. आणि त्याविषयी सर्वांत कमी बोलतात ते भाषा-साहित्याचे अध्यापक.

प्रथम थोडे आकडे. महाराष्ट्रातील दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता. २०१९ साली तो ७७.१० टक्क्यांवर आला. २०२० साली ९५.३० टक्के झाला, आणि २०२१ साली, महामारीमुळे परीक्षाच झाली नाही तेव्हा, ९९.९५ टक्के. या आकड्यांवर अक्षरशः विश्वास ठेवायचा तर महाराष्ट्रातील मुले एका वर्षात बारा टक्क्यांनी ‘ढ’ झाली, पुढच्या वर्षी अठरा टक्क्यांनी हुशार झाली आणि परीक्षा न घेतल्यावर जवळजवळ सर्वज्ञ. अर्थात असे काही घडलेले नाही. २०१९ साली भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांचे शाळेच्या हातात असलेले अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण बंद केले गेले, आणि नवा अभ्यासक्रम व नवी कृतिपत्रिकाही त्याच वर्षी आली. निकाल कोसळला, आरडाओरड झाली, दोन-तीन महिन्यांतच ते २० गुण परत देण्याचे ठरले आणि निकाल पुन्हा चढला. (चढलेल्या वर्षी भूगोलाचा पेपर टाळेबंदीमुळे झालाही नव्हता. त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीवरून दिले गेले.) बदलली ती व्यवस्था. मुले होती तिथेच होती.

परंतु आम्हांला अधिक बोलका वाटतो तो त्या वर्षीचा वाद. भाषेतील ते २० गुण कशाचे होते? मूल नीट ऐकते का, ऐकलेले समजते का, चार वाक्ये धडपणे बोलू शकते का, हे पाहण्यासाठी ते ठेवलेले होते. ते काढले तेव्हा ‘आता मुलांच्या बोलण्याकडे कोण पाहणार?’ असा प्रश्न क्वचितच ऐकू आला. जो युक्तिवाद घुमला तो वेगळाच होता : केंद्रीय मंडळाच्या मुलांना अंतर्गत गुण मिळतात, आपल्या मुलांना मिळत नाहीत, म्हणून अकरावीच्या प्रवेशात आपली मुले मागे पडणार. हा युक्तिवाद चुकीचा नव्हता, अन्याय खरा होता. पण ते गुण परत आले ते नुकसानभरपाई म्हणून. श्रवण आणि भाषण ही त्या भरपाईची केवळ नावे उरली. तोंडी परीक्षेत बहुतेक सर्वांना वीसांपैकी अठरा-एकोणीस पडतात, हे शाळेशी संबंध असलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. ज्या शिक्षकाने खरोखर ऐकून खरोखर बारा गुण दिले, त्याने आपल्या विद्यार्थ्याचे नुकसान केले असेच सर्वांना वाटेल, आणि गुणांच्या हिशेबात ते खरेही आहे. प्रामाणिकपणा हा जिथे विद्यार्थ्याशी केलेला द्रोह ठरतो, तिथे मोजमापाची गोष्ट कशाला करायची?

आता आपल्या अंगणातले उदाहरण घेऊ. कृतिपत्रिकेत कवितेचे रसग्रहण करायला सांगितलेले असते. रसग्रहण! केवढा जुना, केवढ्या परंपरेचा ओझेदार शब्द. अभिनवगुप्ताने सहृदयाची व्याख्या करताना मनाच्या आरशाची उपमा योजली. काव्याच्या सततच्या परिशीलनाने हा आरसा निर्मळ झालेला असतो, म्हणून वर्ण्य विषयाशी तन्मय होण्याची योग्यता त्याच्या ठायी येते. या शब्दाला आपण कुमारभारतीत तीन मुद्द्यांत बसवले : आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. ज्यांनी हे केले त्यांचा हेतू चांगला होता याविषयी आम्हांला शंका नाही. कवितेत कुठे पाहावे हे नवख्या वाचकाला सांगावेच लागते, आणि ‘कवितेचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा’ या जुन्या प्रश्नापेक्षा हे निश्चित पुढचे पाऊल होते. पण त्या तीन मुद्द्यांना गुण जोडले गेले आणि पुढचे सारे ओघानेच आले.

बाजारात मिळणारे कोणतेही मार्गदर्शक उघडावे, त्यातल्या रसग्रहणावरील कवितेचे व कवीचे नाव हाताने झाकावे, आणि उरलेला मजकूर वाचून ही कविता कोणती ते ओळखून दाखवावे. बहुधा ओळखता येणार नाही. कवीने साध्या, सोप्या भाषेत मोठा आशय मांडलेला असतो. शब्दयोजना समर्पक असते. यमकामुळे कवितेला लय आलेली असते. आणि कविता मनाला भिडते. संतकवीची असो की नवकवीची, अभंग असो की मुक्तछंद, ती भिडतेच. मुक्तछंदातील कवितेत यमक कुठून आले, हा प्रश्न विचारण्याइतकी उसंत ना लिहिणाऱ्याला असते ना तपासणाऱ्याला. थोड्या दिवसांत शेकडो उत्तरपत्रिका संपवायच्या असलेल्या परीक्षकाला आम्ही दोष देत नाही. त्याच्या हाती नमुना उत्तर असते, मुद्दे मोजायचे असतात. मुद्दे तीन, तिन्ही आहेत, गुण पूर्ण.

यातली खरी हानी पाठांतराची नव्हे. पाठांतराने मराठीत फारसे कोणाचे वाईट केलेले नाही. पाठ केलेले अभंग आणि ओव्या पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या उपयोगी पडल्या आहेत. हानी अशी, की पंधरा वर्षांच्या मुलाला जे वाटलेले नाही ते वाटल्याचे लिहून द्यावे लागते, आणि त्याबद्दल त्याला शाबासकी मिळते. ज्या कवितेने तो तिळमात्र हलला नाही, ती ‘मनाला स्पर्शून जाते’ असे तो लिहितो. उलट एखाद्या मुलीने ‘पहिली दोन कडवी आवडली, तिसऱ्यातील प्रतिमा मला कळली नाही, आणि शेवट ओढून आणल्यासारखा वाटतो’ असे लिहिले, तर ती कविता वाचत होती याचा तो भक्कम पुरावा आहे. पण तिला किती गुण द्यायचे हे नमुना उत्तरात लिहिलेले नसते. तीच गत ‘स्वमत’ या प्रश्नाची. पाठ करून आणलेले स्वमत ही चीज जगाच्या साहित्यशास्त्राला आपण दिलेली देणगी मानायला हरकत नाही. साहित्याशी मुलाची पहिली गाठ पडते तीच खोटे बोलण्याच्या सरावातून. पुढे हीच मुले मराठी घेऊन बी. ए.ला येतात तेव्हा ‘यांना स्वतःचे काही म्हणायचेच नसते’ अशी कुरकूर आपण शिक्षकांच्या खोलीत चहा पिता पिता करतो.

प्रश्नांचे स्वरूप बदलून हे सुटत नाही, हेही आता आपल्याला अनुभवाने कळायला हवे. महाराष्ट्रात २०१० पासून आठवीपर्यंत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. आकड्यांच्या जोडीला प्रत्येक मुलाविषयी शिक्षकाने वर्णनात्मक नोंदी लिहाव्यात, अशी त्यातली एक फार सुंदर कल्पना होती. थोड्याच काळात विषयवार तयार नोंदींच्या याद्या फिरू लागल्या आणि वह्या त्यांवरून भरल्या जाऊ लागल्या, कारण त्या नोंदी मुलासाठी नव्हे, अधिकाऱ्याला दाखवण्यासाठी लिहायच्या होत्या. त्याआधी १९९३ साली यशपाल समितीने सांगून ठेवले होते की मुलांवरचे खरे ओझे दप्तराचे नाही, न समजण्याचे आहे. (ही समिती नेमली जाण्यामागे राज्यसभेत मुलांच्या दप्तराविषयी बोललेले आर. के. नारायण होते, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. कादंबरीकाराने संसदेत जाऊन काय करावे, या प्रश्नाचे एक चांगले उत्तर त्यात मिळते.) न समजण्याचे ओझे कमी झाले नाही, आपण दप्तराचे वजन तेवढे करू लागलो.

हा रोग महाराष्ट्रात जन्मलेला नाही. त्याचे पहिले सविस्तर निदान ज्याने केले, तो साहित्याच्या अभ्यासकांना चांगला परिचित आहे. परिचित नाही तो त्याचा पोटापाण्याचा उद्योग. मॅथ्यू अर्नल्ड हा कवी, ‘कल्चर अँड अनार्की’चा लेखक म्हणून आपण शिकवतो. तो १८५१ पासून १८८६ पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षे, सरकारी शाळा-तपासनीस होता. त्याच्या नोकरीच्या काळातच, १८६२ साली, रॉबर्ट लो यांनी इंग्लंडात ‘निकालानुसार पैसे’ ही अनुदानाची पद्धत आणली. वाचन, लेखन, गणित अशा तीन परीक्षा; मूल ज्या परीक्षेत नापास होईल तिच्यामागे शाळेचे २ शिलिंग ८ पेन्स कापले जायचे. शिक्षण कार्यक्षम होईल, न झाले तर निदान स्वस्त तरी होईल, असा लो यांचा हिशेब होता. अर्नल्डने वरिष्ठांचा रोष पत्करून याविरुद्ध त्याच वर्षी लेख लिहिला आणि पुढे आपल्या अहवालांतूनही तो हेच सांगत राहिला : कल्पकतेने तयारी करून घेतली तर मुलांना वाचता न येता वाचनात उत्तीर्ण करता येते. वर्षभर एकच नेमलेले वाचन-पुस्तक घोटून घेतले जाई. तपासनीस पान उघडे, मूल म्हणून दाखवी, शिलिंग वाचत. शाळेची सारी बुद्धी, सारा जिव्हाळा त्या तीन परीक्षांच्या वाटेला गेला आणि बाकीचे शिक्षण वाळून गेले. विसाव्या शतकात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकात हेच सूत्ररूपाने मांडले : एखाद्या आकड्यावर जितके निर्णय अवलंबून ठेवाल, तितका तो आकडा भ्रष्ट होईल आणि ज्या प्रक्रियेवर लक्ष ठेवण्यासाठी तो काढला तीही बिघडवील. त्याची प्रचीती त्याच देशात अटलांटा शहरात आली. २०११ च्या चौकशीत तिथल्या ४४ शाळांतील शिक्षक-मुख्याध्यापकांनी मुलांची उत्तरे खोडून बरोबर करून ठेवल्याचे उघड झाले. ते लोक जात्या लबाड होते असे समजणे फार सोयीचे आहे. त्यांच्या नोकऱ्या आकड्यांना बांधलेल्या होत्या.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो आम्ही गंभीरपणे घेतो. गुण नकोत तर काय हवे? वशिला? मुलाखत? ‘घरचे संस्कार’? मराठी मुलुखात परीक्षा या यंत्राने जे केले ते विसरणे हा कृतघ्नपणा होईल. ज्यांच्या बापजाद्यांनी पाटी पाहिली नव्हती अशा मुलांना मॅट्रिकच्या प्रमाणपत्राने दार उघडून दिले. उत्तरपत्रिकेवर आसनक्रमांक असतो, आडनाव नसते, हे त्या मुलांसाठी फार मोठे संरक्षण होते आणि आहे. दलित आत्मकथनांतून परीक्षा पास होण्याचा प्रसंग एवढा उजळून का येतो, हे आपल्याला वर्गात समजावून सांगावे लागते ते याचसाठी. म्हणून परीक्षा मोडून काढा असे आम्ही म्हणणार नाही. निवड करायची असते तिथे परीक्षा लागते. पण निवडीचे साधन आणि शिक्षणाचे साध्य या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. दुसरी पहिलीत बुडवली की त्याचा पहिला फटका नेमक्या त्याच मुलांना बसतो.

हेही आमचे नवे म्हणणे नाही. निकालावर अनुदान देण्याची तीच पद्धत मुंबई इलाख्यातही होती, आणि १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी तिला हरकत घेतली. त्यांचा मुद्दा अगदी व्यवहाराचा होता : खालच्या मानलेल्या जातींत शिक्षणाची गोडी अजून निर्माण झालेली नाही, तेव्हा निकालावर पैसे मिळणार असतील तर त्यांच्या वस्तीत शाळा काढायला कोणी शिक्षक धजणार नाही, कारण त्यावर त्याचे पोट भरणार नाही. इंग्लंडातील टीकाकार ‘शिक्षण निर्जीव होते’ असे म्हणत होते. फुल्यांनी त्यापुढचे पाहिले. निकाल हेच साध्य झाले की शिक्षकाची पावले आधीच तयार असलेल्या मुलाकडे वळतात.

ती आजही वळतात. शंभर टक्के निकालाचा फलक शाळेच्या फाटकावर लावायचा असेल तर कच्ची मुले दहावीपर्यंत पोहोचू न देणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. नववीत गाळणे, किंवा पालकांना बोलावून ‘याला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा’ असा सल्ला देणे, ही तक्रार मराठी शिक्षणविश्वात जुनी आहे. फलकावरचा आकडा खोटा नसतो. तो भागाकार बरोबर असतो. फक्त भाजक आधी छाटलेला असतो.

मोजणे आणि मोजण्यासाठी शिकवणे यांतला फरक ज्यांना अजून धूसर वाटतो त्यांनी ‘असर’ या पाहणीकडे पाहावे. २००५ पासून ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने होणारी ही पाहणी खेड्यापाड्यांतल्या घरी जाऊन मुलांना एक साधा उतारा वाचायला देते. मूल पास होत नाही, नापास होत नाही, शाळेला काही मिळत नाही, शिक्षकाचे काही जात नाही. म्हणूनच तिथे खरे ऐकू येते. २०१८ साली ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी जेमतेम निम्म्यांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. शाळा बंद राहिल्यानंतर, २०२२ साली, हे प्रमाण ४२.८ टक्क्यांवर आले. या पाहणीवर घेण्यासारखे आक्षेप आहेत. वाचन म्हणजे केवळ अक्षरांचा उच्चार नव्हे, वगैरे. पण निकालाच्या टक्केवारीने गेल्या पन्नास वर्षांत जे आपल्याला कधी सांगितले नाही ते या उताऱ्याने सांगितले. उद्या त्या उताऱ्यावर शिक्षकांच्या वेतनवाढी ठरवा, आणि पहा : परवा तो उतारा गावोगाव तोंडपाठ असेल.

आता आपल्या वर्गाकडे, म्हणजे साहित्य शिकवणाऱ्यांकडे. आपण या व्यवस्थेचे बळी आहोत असा आपला समज असतो. आम्हांला तो तितकासा मान्य नाही. अकरावी-बारावीत दुसऱ्या भाषेऐवजी माहिती तंत्रज्ञान घेण्याची सोय झाली आणि विज्ञान शाखेतील मुले मराठीच्या वर्गातून उठून तिकडे गेली, कारण तिथे गुण अधिक पडत. तेव्हा आपली मागणी काय होती? मराठीतही सढळ गुण द्या, म्हणजे मुले टिकतील. मुले टिकावीत म्हणून आपण भाषा ‘स्कोअरिंग’ केली आणि ती स्कोअरिंग झाल्यावर तिच्यात शिकण्यासारखे काही उरले नाही म्हणून हळहळलो. २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. २०२३ च्या एप्रिलमध्ये इतर मंडळांच्या शाळांतील काही तुकड्यांपुरती सवलत देताना मराठीला केवळ श्रेणी द्यावी, तिचे गुण एकूण निकालात धरू नयेत, असे ठरले. मराठीच्या कैवाऱ्यांना हा अपमान वाटला. तो होताही, कारण आपल्या समाजात गुण नसलेला विषय म्हणजे विषयच नव्हे. परंतु बेरजेच्या बाहेर एखादी भाषा शिकता येते, आवडू शकते, अशी शक्यता त्या सबंध चर्चेत किती जणांना सुचली? गुणांशिवाय मुले कविता वाचणारच नाहीत, हे भाषेच्या अध्यापकांनीच इतके निश्चित धरावे, हा कवितेवरचा अविश्वास आहे.

आपण स्वतः ज्या दारातून आत येतो त्याचीही हीच तऱ्हा. जून २०१२ पासून नेटचे सर्व प्रश्न वस्तुनिष्ठ झाले. तोवर निदान तिसऱ्या प्रश्नपत्रिकेत भावी अध्यापकाला सलग काही लिहावे लागे. आता साहित्याचा प्राध्यापक होण्यासाठी ग्रंथांचा कालानुक्रम लावता आला पाहिजे, लेखक आणि पात्रे यांच्या जोड्या जुळवता आल्या पाहिजेत, ‘विधान’ आणि ‘कारण’ यांतले कोणते खरे ते ओळखता आले पाहिजे. एकही वाक्य लिहावे लागत नाही. कादंबरी वाचली नसली तरी चालते. वाचली असल्यास, चार पर्यायांपुढे थबकण्याचा धोका असतो. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांत पदवीच्या प्रवेशालाही हाच न्याय लागू झाला. म्हणजे साहित्याच्या अभ्यासक्रमात प्रवेश घेताना आणि पुढे तो शिकवण्याची पात्रता मिळवताना, दोन्हीकडे पर्याय निवडायचे.

तेव्हा मागणी कोणती करावी? आम्हांला एक लहान मागणी सुचते. तोंडी परीक्षा परत आली आहेच, ती खरी करा. शेजारच्या शाळेतील भाषेच्या शिक्षकाने यावे, मुलापुढे त्याने कधीही न पाहिलेले एक पान ठेवावे, वाचायला सांगावे, आणि त्यावर त्याच्याशी थोडा वेळ बोलावे. ‘तुला यात काय पटले नाही?’ एवढे विचारले तरी पुष्कळ. त्याचे गुण देऊ नयेत. चार ओळी लिहून त्या मुलाला आणि त्याच्या शिक्षकाला द्याव्यात. वर कोणाला तक्ता पाठवू नये. वेळ आणि माणसे कुठून आणायची, असे लगेच विचारले जाईल, म्हणून हिशेब करून ठेवतो. २०२५ साली दहावीला साडेपंधरा लाखांच्या आसपास मुले बसली, आणि शाळा तेवीस हजारांहून अधिक होत्या. मुलामागे पंधरा मिनिटे धरली तर एका शाळेच्या वाट्याला सरासरी सतरा तास येतात, म्हणजे शाळेचे तीन दिवस. सराव परीक्षांना याहून अधिक दिवस जातात. पान निवडताना एवढेच पथ्य पाळावे, की ते कोणत्याही मार्गदर्शकात छापलेले नसावे.